सात अडकलेले आरसे

विकतच्या वस्तूवर मास्तरांचा विश्वास नव्हता. घरातल्या पंख्याची मोटर त्यांनी स्वतः गुंडाळली होती, चष्म्याची काडी स्वतः झाळली होती, आणि लेकीच्या घरचं, तिला कुणीतरी भेट दिलेलं भिंतीवरचं घड्याळ तर बिघडायची वाटसुद्धा न बघता उघडून दुरुस्त केलं होतं. तेव्हापासून ते आठवड्याला दहा मिनिटं पुढे धावायचं आणि लेक दर रविवारी काटा मागे ओढायची. "मागे पडण्यापेक्षा बरं," मास्तर म्हणायचे. असा माणूस. हुशार, हाताला यश असलेला, आणि हट्ट असा की समजावायला गेलेलाच घसा कोरडा करून परत यायचा.

एरवी हे सगळं हसत हसत सांगितलं असतं. त्या शनिवारनंतर तसं सांगवत नाही.

तीस वर्षं तंत्रनिकेतनात उपकरणांची कार्यशाळा चालवून मास्तर निवृत्त झाले आणि घरामागच्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं काम मांडून बसले. एक लांब टेबल, दोन कपाटं, एक कुरकुरणारी खुर्ची. वर्गात कुणी "सर, मशीन चुकीचं दाखवतंय" म्हणालं की ते ठरलेलं वाक्य ऐकवायचे: "मशीन चुकत नसतं बाळा, वाचणारा चुकतो." हे वाक्य ज्यांनी शंभरदा ऐकलं त्यांतली एक आता लहान मुलांच्या खोकल्याचं औषध करणाऱ्या कारखान्यात केमिस्ट होती. उत्तर चुकलं की तिच्या चेहऱ्याचा रंग क्षणात बदलायचा म्हणून मास्तरांनीच तिचं नाव लिटमस ठेवलं होतं. ते नाव असं चिकटलं की कारखान्याचे मालकसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायचे.

काम तिनेच आणलं होतं. औषधाला घट्टपणा आणि गोडी यावी म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. ते पिंपांतून येतं. आणि ग्लिसरीनसारखाच दिसणारा, तसाच घट्ट, तसाच गोड लागणारा, पण स्वस्त आणि विषारी असा एक कारखानी द्रव असतो. कुणी लबाड पुरवठादार दोन्ही मिसळून विकतो. त्या द्रवाचं नाव लांबलचक. लिटमस त्याला नुसतं 'जुळा' म्हणायची. डोळ्याला फरक कळत नाही, नाकाला कळत नाही. प्रकाशाला मात्र कळतो. पिंपातला थेंबभर माल काचेच्या कुपीत घालून त्यातून डोळ्याला न दिसणारा प्रकाश सोडला, की प्रत्येक द्रव त्याच्या पट्ट्यातला आपापल्या जागचा प्रकाश गिळतो. कुठला किती गिळला हे मोजणारं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोमीटर. तसं यंत्र पिंपांच्या दारातच हवं होतं.

"सर, चाचणीसाठीचं तयार यंत्र मिळतं, इव्हॅल्युएशन किट," लिटमस म्हणाली होती. "तळहातावर मावतं. आत तीच छोट्या आरशांची चिप असते. जुळवणी त्यांच्याकडूनच होऊन येते. आज आणलं तर उद्या वापरता येईल."

"त्यावर काय चिकटवलेलं असतं ते वाचलंस का? 'फक्त चाचणीसाठी, उत्पादनात वापरू नये.' ज्याने बनवलं त्याचाच त्याच्यावर भरवसा नाही, आणि तू माझ्या गळ्यात बांधतेस?"

"पण निदान पडताळायला..."

"डबा बंद. आत काय चाललंय ते कळत नाही. बिघडला तर फेकून द्या आणि नवा आणा. मी बनवेन ते उघडता येईल, धुता येईल, पिंपाशेजारी दहा वर्षं उभं राहील."

खरं सांगायचं तर मास्तरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. किट खरोखरच टेबलावर मांडून बघायची वस्तू होती, कारखान्याच्या धुळीत उभी करायची नव्हे. पण त्यांना राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्या हाताखाली शिकलेली पोरगी आपल्याला विकतचा डबा सुचवते, हे त्यांना लागलं होतं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हा न्याय यंत्रांनाही लागतो. लिटमसने तरीही किट मागवलं, सोबत पडताळणीसाठी शुद्ध ग्लिसरीनची सीलबंद बाटलीही मागवली, आणि दोन्ही मास्तरांच्या टेबलावर ठेवून गेली. मास्तरांनी ते खोकं न उघडताच कपाटाच्या खालच्या फळीवर सरकवलं.

मग ते कामाला लागले. एका कचेरीने टाकून दिलेल्या प्रोजेक्टरमधून त्यांनी आरशांची चिप काढली. नखाएवढी चिप, तिच्यावर जवळजवळ आठ लाख आरसे, एकेक आरसा केसाच्या जाडीहूनही लहान आणि हुकूम झाला की इकडे नाहीतर तिकडे कलणारा. कुपीतून आलेला प्रकाश बारीक रेघांच्या जाळीवर पडून पट्टा होऊन फाकायचा आणि आरशांवर पसरायचा. ज्या जागचा प्रकाश मोजायचा तेवढ्याच रांगेतले आरसे मोजणाऱ्या डोळ्याकडे वळायचे, बाकीचे तोंड फिरवून उभे. तीन महिन्यांत यंत्र उभं राहिलं. खरंच देखणं होतं.

फक्त सात आरसे अडकले होते. चिप काढताना म्हणा, प्रोजेक्टरमध्येच म्हणा, पट्ट्याच्या शेवटाकडे एका रांगेतले सात आरसे हुकूम मानत नव्हते. मागच्या बाकावरच्या टग्यांना ओळखावं तसे मास्तर त्यांना जागेसकट ओळखायचे.

मालकांनी जुळवणीसाठी गोदामातल्या अठरा पिंपांतले नमुने पाठवले. पिंपांबरोबर पुरवठादाराचं शुद्धतेचं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे हे अठरा नमुने शुद्ध धरायचे असं ठरलं. मास्तरांनी एकेक मोजला. अठराच्या अठरा आलेखांत शेवटाकडे एक बारीक उंचवटा आला, पुळीएवढा. सगळ्यांत, त्याच जागी. आणि ती जागा त्या सात टग्यांच्या अगदी शेजारची.

उपकरणं बनवणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: जे एकात दिसतं ते मालात असतं, जे सगळ्यांत दिसतं ते यंत्रात असतं. मास्तरांनी हा नियम तीस वर्षं शिकवला होता. त्यांनी उंचवट्याकडे पाहिलं, आरशांकडे पाहिलं, आणि हसले. मग त्यांनी प्रोग्रॅममध्ये चार ओळी लिहिल्या. त्या चार ओळींना ते 'कंगवा' म्हणायचे. कंगवा फिरला की आलेखाचा तेवढा भाग सपाट व्हायचा. विष मुद्दाम मिसळून बघायची चाचणी तेवढी राहिली, कारण जुळ्याची बाटली मागवायला परवाना लागत होता, आणि परवाना येण्याआधीच मालकांनी यंत्र दारात लावलंसुद्धा. हिरवा दिवा लागला की पिंप आत. बाहेरच्या प्रयोगशाळेकडे नमुने पाठवायचं बंद झालं. रोजच्या कागदावर लिटमस सही करायची.

याला आठ महिने झाले.

बुधवारी मास्तर कारखान्यात गेले होते ते यंत्राची काच पुसायला. निघताना लिटमसने त्यांच्या हातात औषधाची एक बाटली ठेवली. त्यांची नात ठकी, साडेतीन वर्षांची, चार दिवस खोकत होती. मास्तर तिथून थेट गावाच्या दुसऱ्या टोकाला, लेकीकडे गेले. पहिला चमचा त्यांनी स्वतः पाजला. ठकीने तोंड वाकडं केलं, मग ओठ चाटले आणि म्हणाली, "गोड आहे."

"असणारच. आबांच्या मशीनमधून पास झालंय ते," मास्तर म्हणाले. आठ, बारा, चार, आठ अशा वेळा त्यांनी कागदावर लिहून घड्याळाखाली चिकटवल्या.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला. खोकला कमी होता, पण पोरगी मलूल पडली होती. दोनदा उलटी झाली होती. "आणि बाबा, काल संध्याकाळपासून तिने शू केलीच नाहीये."

मास्तर एका बारीक स्क्रूशी झटत होते. "खोकून खोकून दमलंय पोर. पाणी पाजत राहा. आणि औषधाची वेळ चुकवू नकोस."

"बरं," लेक म्हणाली. बापाच्या शब्दावर तिचा फार विश्वास.

सव्वातीनला लिटमस आली. नेहमी दारातूनच "सर, चहा टाका" म्हणून ओरडायची. आज मुकाट्याने आत आली आणि पर्समधून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक औषधाची बाटली, आणि पिंपातल्या ग्लिसरीनची एक कुपी.

"हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन होता, मुलांच्या वॉर्डातून," ती म्हणाली. "दोन दिवसांत तीन मुलं आलीत. आधी उलट्या, मग गुंगी, मग लघवी बंद. तोंडं सुजलीत. तिघांच्याही घरी आपलं औषध आहे."

लघवी बंद. हे शब्द मास्तरांच्या कानात शिरले, पण पुढे गेले नाहीत. माणूस गंमतशीर असतो. अंगावर वीज पडत असतानासुद्धा आधी आपलं छप्पर आठवतं.

"पिंपं पास झालेली आहेत," ते म्हणाले.

"झालेली आहेत. सगळीच झालेली आहेत, सर. आठ महिन्यांत एकदाही लाल दिवा लागलेला नाही. एकदाही."

"मग माल चांगला आहे."

"मालकपण हेच म्हणाले. म्हणाले, सोमवारी बघू." तिने खोलीभर नजर फिरवली. "सर, किट कुठंय?"

"त्या खेळण्याने काय होणार आहे?"

"काही झालं नाही तर मी तुमची माफी मागेन. वर्गात मागायचे तशी, उभी राहून. पण आधी काढा."

मास्तर उठले नाहीत. तीच खाली बसली, खालची फळी धुंडाळली, खोकं ओढून काढलं आणि नखाने चिकटपट्टी फाडली. किट खरंच तळहाताएवढं होतं. त्यावर तो इशारा होताच. तिने वायर जोडली, आधी सीलबंद बाटलीतलं शुद्ध ग्लिसरीन घातलं. पडद्यावर शांत, गोल उतरती रेघ आली. मग पिंपातली कुपी घातली.

रेघ शेवटाकडे वर उठली. चांगली उठली.

मास्तर आता उठले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पडद्याजवळ गेले. तीच जागा. आकडा न बघताही त्यांना कळलं, कारण ती जागा त्यांनी आठ महिन्यांपूर्वी स्वतः कंगव्याने विंचरली होती.

"यांचेही आरसे अडकले असतील," ते म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांची त्यांनाच लाज वाटली. दोन वेगळ्या चिपांचे, दोन वेगळ्या हातांनी जोडलेले, नेमके तेच आरसे?

लिटमस हळूच म्हणाली, "सर, अडकलेले आरसे रिकाम्या कुपीच्या वेळीही अडकलेलेच असणार ना? मग तेव्हाही उंचवटा दिसायला हवा. तुम्ही रिकामी कुपी बघितली होती?"

हे त्यांनीच शिकवलेलं होतं. पहिल्या वर्षी, दुसऱ्या आठवड्यात. आधी रिकामं मोजा, मग भरलेलं. त्यांनी रिकामी कुपी मोजली होती, पण कंगवा बसवल्यानंतर. त्याआधी मोजायची गरजच वाटली नव्हती, कारण उत्तर आधीच ठाऊक होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आठ लाख आरसे होते आणि काकण दिसलं नव्हतं.

"कंगवा किती वजा करतो?" तिने विचारलं.

"वजा करत नाही. अलीकडचं टोक आणि पलीकडचं टोक सरळ जोडून टाकतो. मधे काय आहे ते बघतच नाही."

"म्हणजे मधे केवढंही असलं तरी?"

"केवढंही असलं तरी."

टेबलाच्या टोकाला त्यांच्या यंत्राचं जोडीचं यंत्र होतं, दुरुस्तीला सोपं जावं म्हणून तसंच बनवलेलं. त्यावर कारखान्यातला प्रोग्रॅमही जसाच्या तसा होता. चिप मात्र दुसरी होती, दुसऱ्या एका प्रोजेक्टरमधून काढलेली. कारखान्यातलं यंत्र बंद पडलं तर काम अडू नये म्हणून ती त्यांनी महिनाभर तपासलीही होती. हेही त्यांना आत्ताच, या क्षणी लक्षात आलं: या चिपचा एकही आरसा अडकलेला नव्हता. तरी तिच्यावरही त्यांनी कंगवा ठेवला होता. सवयीने.

त्यांनी चार ओळी पुसल्या. हात स्थिर होते. तीस वर्षांची सवय हातांना धरून होती. रिकामी कुपी घातली. रेघ सरळ. शुद्ध ग्लिसरीन. रेघ शांत. पिंपातली कुपी. आणि त्यांच्याच यंत्राच्या पडद्यावर, त्यांच्याच आरशांनी वेचून दिलेल्या प्रकाशातून, जुळा उभा राहिला. अठरा नमुन्यांत होता तेव्हा पुळीएवढा होता. आता टेकाड झालं होतं. पुरवठादाराने आठ महिने कुणी हटकत नाही हे पाहून हात सैल सोडला होता.

लिटमसचा चेहरा पांढरा पडला होता. एरवी रंग बदलायचा. आज रंगच गेला होता. मास्तरांना वाटलं, ती स्वतःच्या सह्यांचा विचार करतेय. ती वेगळाच विचार करत होती.

"सर," ती म्हणाली, "ठकीला दिलेली बाटली याच पिंपातल्या मालाची."

सकाळचा फोन तेव्हा कुठे मास्तरांपर्यंत पोचला. एकेक शब्द पोचला. दोनदा उलटी. मलूल. काल संध्याकाळपासून. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खोलीतल्या घड्याळात चारला आठ कमी होते.

आठ मिनिटं होती. बुधवार दुपारपासून किती चमचे गेले हे त्यांना मोजावंसं वाटलं नाही, पण पुढचा एक तरी अडवता येणार होता. त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. लिटमस दुसऱ्या फोनवर वॉर्डातल्या डॉक्टरांशी बोलू लागली होती, जुळ्याचं लांबलचक नाव एकेक अक्षर सुटं करून सांगत होती, पुन्हा सांगत होती. "हो, खात्री आहे. उतारा आहे ना तुमच्याकडे? अजून एक मुलगी येतेय. साडेतीन वर्षं."

"हां बाबा," लेकीने फोन उचलला.

"ऐक. औषध देऊ नकोस. चारचा चमचा देऊ नकोस."

"दिला की आत्ताच. चार वाजून गेले ना. झोपेतच पाजला, उठतच नव्हती."

शनिवार होता. लेकीकडचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे धावून बसलं होतं, आणि उद्या रविवारी ती काटा मागे ओढणार होती. मास्तरांनी डोळे मिटले, पण थांबले नाहीत. थांबायला वेळ नव्हता हे एवढं तरी त्यांना कळत होतं.

"तिला उचल. मोठ्या हॉस्पिटलमध्ये, मुलांच्या वॉर्डात. आत्ता, अंगावरच्या कपड्यांनिशी. बाटली बरोबर घे. शेजाऱ्यांची गाडी माग, दार वाजव, ओरड, काहीही कर. तिथे डॉक्टर वाट बघतायत, त्यांना माहीत आहे. लघवी कधीपासून नाही ते पहिलं सांग. मी तिथेच येतोय."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग लेकीची धावपळ, तिचा श्वास, कडी काढल्याचा आवाज, आणि ठकीचं काही ऐकू येतंय का म्हणून मास्तर फोन कानात खुपसून उभे. काही ऐकू आलं नाही.

"बाबा," ती जिना उतरता उतरता रडत म्हणाली, "पण ते तर तुमच्या मशीनमधून पास झालेलं होतं ना? मशीन चुकलं का हो?"

टेबलावर दोन्ही पडदे अजून चालू होते. विकतचा आणि घरचा. दोन्हीवर एकच टेकाड.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "मशीनला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मीच त्याला बघू नकोस म्हणून सांगितलं."